पोटातील बाळाचे ठोके 232: सिझेरियनची घाई करावी, की वाट पाहावी?

चोपडा तालुक्यातील एका गृहस्थांनी विचारले आहे की, त्यांच्या पत्नीला एकोणतिसावा आठवडा सुरू असून हे पहिलेच बाळंतपण आहे. तालुक्याच्या गावी केलेल्या सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला 232 आढळले. हृदयाची रचना ठीक आहे आणि बाळाच्या अंगात कुठेही पाणी साचलेले नाही, असे अहवालात लिहिले आहे. एका डॉक्टरांनी ताबडतोब सिझेरियन करून बाळ बाहेर काढण्याचा सल्ला दिला. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, बाळ चांगले हालते आहे, तेव्हा आठ-पंधरा दिवस थांबावे. गृहस्थांचा स्वतःचा प्रश्न वेगळाच आहे: बाळ पोटात असताना त्याच्या हृदयापर्यंत औषध पोहोचते कसे, आणि त्या औषधाचा आईला अपाय तर होत नाही ना?

अहवालातील आकडा बरोबर आहे असे धरले, तर यांपैकी कोणताही सल्ला मला मान्य नाही. एकोणतिसाव्या आठवड्यात केवळ ठोके जलद आहेत म्हणून सिझेरियन करणे हा बहुतेक वेळा उपचार नसतो. आजारी हृदयाच्या बाळावर अपुऱ्या दिवसांचे ओझेही टाकल्यासारखे ते होते. पंधरा दिवस थांबणे त्याहून धोक्याचे ठरू शकते, कारण अखंड 230 च्या वेगाने धावणारे हृदय कधी कधी दोन-तीन दिवसांतच थकते आणि बाळाच्या अंगात पाणी भरू लागते. तुम्ही पत्नीला आज-उद्यातच अशा ठिकाणी न्यावे, जिथे गर्भातील बाळाच्या हृदयाची इकोकार्डिओग्राफी, म्हणजे हृदयाची सविस्तर सोनोग्राफी, होते आणि जिथे प्रसूतितज्ज्ञ व हृदयरोगतज्ज्ञ एकत्र बसून औषध ठरवतात. आईच्या मार्फत औषध देऊन असे हृदय पोटातच ताळ्यावर आणता येते. अंगात पाणी नसलेल्या बाळांमध्ये हे बहुतांशी साधते.

आता हे सविस्तर सांगते, कारण जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांचा गोंधळ साधारण याच जागी होतो.

गर्भातील बाळाच्या हृदयाचा नेहमीचा वेग मिनिटाला 110 ते 160 असतो. नवव्या-दहाव्या आठवड्याच्या सुमारास तो 170 पर्यंत जातो आणि पुढे हळूहळू उतरतो, त्यामुळे पहिल्या सोनोग्राफीतील 172 पाहून कोणी घाबरू नये. सातव्या महिन्यात मात्र 180 च्या वर टिकून राहिलेला वेग कारण शोधल्याशिवाय सोडायचा नसतो. आईला ताप असेल, तिची थायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असेल, किंवा कळा थांबवण्यासाठी टर्ब्युटालिनसारखे औषध दिले असेल, तर बाळाचे ठोके 170-190 पर्यंत चढतात. तिथे उपचार मूळ कारणाचा करायचा असतो. असा वेग थोडा वरखाली होत राहतो. 232 सारखा, घड्याळाच्या काट्यासारखा एकाच जागी खिळलेला वेग मात्र हृदयातील विजेच्या वाटेत गडबड असल्याचे सांगतो.

हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे कर्णिका आणि खालचे दोन म्हणजे जवनिका. ठोक्याची ठिणगी वरच्या कप्प्यात पडते, मधल्या एका चौकीवर क्षणभर थांबते आणि खाली उतरते. काही बाळांमध्ये या चौकीला वळसा घालणारी एक जादा वाट जन्मजात राहून गेलेली असते. एखादा अवेळी ठोका पडला की ठिणगी चौकीतून खाली जाते, जादा वाटेने परत वर येते आणि गोल गोल फिरत राहते. पोटातील बाळांमध्ये दिसणाऱ्या जलद ठोक्यांचे हेच सर्वांत मोठे कारण आहे, आणि त्यात वेग साधारण 220 ते 260 असतो. दुसरा प्रकार कर्णिकांच्या फडफडीचा, ज्याला आम्ही एट्रियल फ्लटर म्हणतो. त्यात वरचे कप्पे मिनिटाला 300 ते 500 वेळा फडफडतात, चौकी त्यांतील प्रत्येक दुसरा ठोका अडवते आणि खालचे कप्पे 200-220 च्या आसपास चालतात. बाहेरून मोजले तर दोन्ही प्रकारांत आकडा जवळपास सारखाच येतो, पण औषधाची निवड बदलू शकते. म्हणून ‘ठोके किती’ एवढे कळून भागत नाही, वरचा कप्पा आणि खालचा कप्पा एकमेकांशी कसे वागतात तेही पाहावे लागते.

मोठ्या माणसाचा ईसीजी छातीवर तारा लावून निघतो. बाळ गर्भजलात असते आणि त्याच्या अंगावर पांढरा स्निग्ध लेप असतो, त्यामुळे त्याचा विद्युतसंदेश बाहेर फारच क्षीण पोहोचतो. म्हणून आम्ही वीज मोजण्याऐवजी विजेमुळे होणारी हालचाल पाहतो. सोनोग्राफीच्या यंत्रावर एम-मोड नावाची सोय असते. तिची एकच रेषा बाळाच्या हृदयातून अशी न्यायची, की ती एका बाजूला कर्णिकेची भिंत आणि दुसऱ्या बाजूला जवनिकेची भिंत छेदेल. मग पडद्यावर दोन्ही भिंतींचे आकुंचन एकाखाली एक उमटते आणि वर एक-खाली एक, वर दोन-खाली एक, की दोघांचा मेळच नाही, हे डोळ्यांना दिसते. रक्ताचा प्रवाह टिपणाऱ्या डॉपलरने वरची महाशीर आणि महाधमनी यांतील प्रवाह एकाच वेळी टिपला, तर खालच्या ठोक्यानंतर वरचा ठोका किती वेळाने पडतो हेही मोजता येते. जादा वाटेच्या आजारात हे अंतर अगदी कमी असते.

येथे तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एक कळकळीची विनंती करावीशी वाटते. एम-मोड जवळपास प्रत्येक सोनोग्राफी यंत्रावर असतो, त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. आकडा लिहून रुग्णाला पुढे पाठवण्याआधी ती एक रेषा टाकावी, दहा सेकंदांची चित्रफीत जतन करावी आणि ती रुग्णासोबत द्यावी. रुग्ण मोठ्या शहरात पोहोचेपर्यंत ठोके आपोआप नीट झालेले असतात असे पुष्कळदा घडते, आणि मग ती चित्रफीतच निदानाचा एकमेव पुरावा उरते.

एनएसटी, म्हणजे आईच्या पोटावर यंत्र लावून बाळाचे ठोके कागदावर उमटवण्याची तपासणी, तिच्या कागदाबद्दल मला स्वतःच्या अनुभवातून सांगायचे आहे. मी नुकती स्वतंत्र प्रॅक्टिस सुरू केली होती तेव्हा भुसावळजवळच्या एका खेड्यातून आलेल्या मातेचा कागद मिनिटाला 118-120 ठोके दाखवत होता. रेषा जरा जास्तच सपाट होती, पण आकडा नेहमीचा होता, म्हणून मी तिला घरी पाठवले. चार दिवसांनी ती परत आली तेव्हा बाळाच्या पोटात आणि छातीत पाणी भरलेले होते आणि सोनोग्राफीत खरा वेग 238 निघाला. फार जलद ठोके असले की ते यंत्र कधी कधी दोन ठोक्यांना एक धरते आणि निम्माच आकडा छापते, हे मी वाचलेले होते, पण त्या दिवशी मला ते आठवले नाही. ते बाळ वाचले नाही. तेव्हापासून सपाट आणि नेमक्या निम्म्या वाटणाऱ्या रेषेवर मी विश्वास ठेवत नाही. सोनोग्राफीचा प्रोब ठेवून हृदय डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मातेला दवाखान्याबाहेर पाठवत नाही.

आता औषधाकडे येते. आई गोळी घेते, औषध तिच्या रक्तात उतरते, वारेतून बाळाच्या रक्तात जाते आणि हृदयापर्यंत पोहोचते. 1980 च्या सुमारास डिगॉक्सिन अशा रीतीने दिल्याची नोंद झाली आणि तेव्हापासून ही वाट वापरात आहे. डिगॉक्सिन, फ्लेकेनाइड आणि सोटालॉल ही आजची तीन मुख्य औषधे. कोणते आधी द्यावे याबद्दल केंद्राकेंद्रांत मतभेद आहेत. बाळाच्या अंगात पाणी नसेल तर डिगॉक्सिनपासून सुरुवात करणारे अनेक जण आहेत. पाणी भरलेले असेल तर वार सुजते आणि डिगॉक्सिन पलीकडे नीट पोहोचत नाही, म्हणून तेव्हा फ्लेकेनाइडला, किंवा दोन औषधांच्या जोडीला, पसंती दिली जाते. फडफडीच्या प्रकारात सोटालॉल चांगले काम करते. जपानमधील अनेक रुग्णालयांनी मिळून ठरलेल्या पद्धतीने केलेला अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दहापैकी जवळपास नऊ बाळांचे ठोके पोटातच ताळ्यावर आले. माझा स्वतःचा कल अखंड जलद ठोक्यांत फ्लेकेनाइड लवकर सुरू करण्याकडे आहे, कारण त्याचा परिणाम बहुधा तीन-चार दिवसांत दिसतो, तर एकट्या डिगॉक्सिनला कधी कधी आठवडा लागतो. ॲमिओडॅरोन हे राखीव औषध आहे. ते बाळाच्या थायरॉइडला त्रास देते, म्हणून बाकीचे उपाय थकल्यावरच त्याकडे वळावे. बाळ फारच आजारी असेल तर त्याच्या मांडीत सुईने थेट डिगॉक्सिन देण्याचीही पद्धत आहे, पण ते मोजक्या केंद्रांचे काम आहे.

एक शंका नेहमी येते: मोठ्या माणसांचे असेच जलद ठोके ॲडिनोसिनच्या एका इंजेक्शनने दवाखान्यात तिथल्या तिथे थांबवतात, मग तेच का देऊ नये? कारण ते औषध रक्तात काही सेकंदच टिकते. आईच्या हाताच्या शिरेतून वारेपर्यंत पोहोचण्याआधीच ते संपलेले असते.

आईला अपाय होण्याची भीती निराधार नाही. बाळाच्या आजारासाठी आपण एका निरोगी बाईच्या हृदयावर काम करणारे औषध तिला देत असतो, आणि ही गोष्ट मी प्रत्येक जोडप्याशी उघडपणे बोलते. म्हणून पहिल्या गोळीआधी आईचा ईसीजी, रक्तातील पोटॅशियम, कॅल्शियम व मॅग्नेशियम, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांच्या तपासण्या होतात. घराण्यात कोणी तरुणपणी अचानक दगावले आहे का, कोणाला चक्कर येऊन पडण्याचा त्रास आहे का, हे विचारले जाते. औषध सुरू करताना तिला काही दिवस रुग्णालयात ठेवून ईसीजी पुन्हा पुन्हा काढतात. डिगॉक्सिनची रक्तातील पातळी साधारण 1 ते 2 नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर ठेवतात. मळमळ, भूक मरणे, डोळ्यांपुढे पिवळसर दिसणे, छातीत धडधड किंवा घेरी यांपैकी काहीही जाणवले तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना कळवायचे. ही काळजी घेतली तर बहुसंख्य मातांना किरकोळ त्रासापलीकडे काही होत नाही. गोळ्यांचे प्रमाण मी येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण ते ईसीजी पाहिल्याशिवाय ठरत नाही आणि कोणी ते वाचून घरी सुरू करू नये.

खानदेशात यात आणखी एक गोष्ट मिसळते, ती म्हणजे ऊन. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. त्या दिवसांत जुलाब-उलट्या झाल्या किंवा घामाने शरीर कोरडे पडले, की पोटॅशियम उतरते, आणि पोटॅशियम उतरलेल्या शरीरात डिगॉक्सिन विषासारखे वागू शकते. सोटालॉल घेणाऱ्या बाईच्या हृदयाचा ताल त्यामुळे बिघडू शकतो. म्हणून अशा मातेने उन्हाळ्यात शेतावर जाऊ नये, जुलाब लागले तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे, आणि उलटी थांबवण्यासाठी गावातल्या मेडिकलवरून ऑन्डान्सेट्रॉन किंवा सर्दी-खोकल्यासाठी ॲझिथ्रोमायसिन परस्पर घेऊ नये. ही नेहमीची, एरवी निरुपद्रवी औषधेही सोटालॉलच्या जोडीने ईसीजीतील क्यूटी अंतर, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला सावरायला लागणारा वेळ, लांबवतात. आईकडे असलेल्या कागदावर हे मराठीत ठळक लिहिलेले असावे, म्हणजे आशाताई आणि उपकेंद्रातील नर्सबाईही ते वाचतील.

मग प्रसूती कधी करायची? दिवस भरत आले असतील, म्हणजे सदतिसाव्या आठवड्याच्या पुढे, तर बाळ बाहेर काढून त्याच्यावर थेट उपचार करणे शहाणपणाचे असते. एकोणतिसाव्या आठवड्यात परिस्थिती उलटी असते. त्या बाळाची फुप्फुसे तयार नसतात, त्याला श्वासाचे यंत्र लागते, त्याच्या बारीक शिरांतून हृदयाची औषधे द्यावी लागतात, आणि जलद ठोके जन्मानंतर थांबतीलच याची खात्री नसते. पोटात त्याला वारेकडून आयता प्राणवायू मिळतो, त्यामुळे त्याचे हृदय तिथेच दुरुस्त होणे कितीतरी सोपे असते. ठोके जलद असताना एनएसटीच्या कागदावरून बाळ गुदमरत आहे की नाही हे ठरवता येत नाही. त्यासाठी हालचाल, गर्भजल आणि नाळेतील व इतर रक्तवाहिन्यांतील प्रवाह पाहावे लागतात. ठोके ताळ्यावर आले की बहुतेक मातांची प्रसूती नैसर्गिक मार्गाने होऊ शकते, सिझेरियन केवळ या कारणासाठी लागत नाही.

प्रत्येक वेळी औषध लागतेच असेही नाही. जलद ठोके मधूनमधूनच येत असतील, निम्म्याहून अधिक वेळ हृदय नेहमीच्या तालात असेल आणि थकव्याची खूण नसेल, तर बाळाला दर दोन-तीन दिवसांनी तपासत थांबता येते. म्हणूनच एका मिनिटाच्या सोनोग्राफीवर निर्णय घेऊ नये, अर्धा-पाऊण तास तरी हृदय पाहावे.

अनेकांना ‘ठोका मध्येच चुकतो’ असे सांगितले जाते आणि त्यांची झोप उडते. शंभरातील एक-दोन गरोदर स्त्रियांमध्ये असे आढळते आणि बहुतेक वेळा तो वरच्या कप्प्यातील एखादा अवेळी ठोका असतो. तो निरुपद्रवी असतो आणि बहुधा प्रसूतीपर्यंत किंवा जन्मानंतर थोड्याच दिवसांत आपोआप जातो. अशा बाळांपैकी अगदी थोड्यांमध्ये पुढे जलद ठोके सुरू होतात, म्हणून आठवड्याला एकदा ठोके ऐकून घ्यावेत, एवढेच पुरे. अमळनेरच्या एका आजीबाई नातसुनेसोबत दर आठवड्याला येत आणि दारातूनच विचारत, “बठ्ठं बराबर शे ना?” (सगळं ठीक आहे ना?) अशा सहाव्या फेरीला मी त्यांना “हो” म्हणू शकले.

मंद ठोक्यांचा विषय वेगळा आहे, आणि तुमच्या प्रश्नात तो नसला तरी तो टाळता येत नाही. वेग 50-70 असेल आणि वरचे कप्पे आपल्या तालात, खालचे आपल्या तालात चालत असतील, तर मधली चौकी बंद पडलेली असते. अशा बाळांपैकी जवळपास निम्म्यांच्या हृदयाची रचनाच बिघडलेली असते. उरलेल्यांमध्ये आईच्या रक्तातील अँटी-रो आणि अँटी-ला नावाची प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) वारेतून जाऊन ती चौकी जाळतात, बहुधा अठराव्या ते सव्विसाव्या आठवड्याच्या दरम्यान. पुष्कळ मातांना स्वतःला काहीच त्रास नसतो. कोणाचे डोळे-तोंड कोरडे पडतात, कोणाचे सांधे दुखतात, आणि आजाराचा पहिला पत्ता बाळाच्या ठोक्यांवरून लागतो. ही प्रतिपिंडे असलेल्या शंभर मातांपैकी एक-दोघींच्याच बाळांना असे होते, पण एकदा झाले की पुढच्या खेपेला धोका सहात एकापर्यंत जातो. दुसऱ्या खेपेला दहाव्या आठवड्याच्या आत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुरू केल्याने हा धोका निम्म्याहून कमी झाल्याचे 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. पूर्ण बंद पडलेली चौकी मात्र कोणत्याही औषधाने उघडत नाही. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा उपयोग किती, याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही, आणि मी ते सरसकट देत नाही. अशा बाळाचा जन्म पेसमेकर बसवता येईल अशाच ठिकाणी व्हावा.

मंद वाटणाऱ्या ठोक्यांत एक फसगतही होते. दर दुसरा ठोका अवेळी पडून खाली पोहोचलाच नाही, तर वेग 70-80 दिसतो आणि चौकी बंद पडल्याचा भास होतो. तो प्रकार निरुपद्रवी असतो आणि आपोआप सुटतो. दोन्हींतला फरक पुन्हा त्या एम-मोडच्या रेषेवरच कळतो, आणि तो न कळल्याने गर्भपाताचा विचार करून बसलेली जोडपी मी पाहिलेली आहेत.

तुमच्या बाबतीत पुढचे दोन महिने महत्त्वाचे आहेत, आणि त्यात आपल्याकडील एक चाल आड येऊ शकते. पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यानंतर मुलगी माहेरी जाते. सासरच्या डॉक्टरांकडे सुरू असलेले औषध माहेरच्या डॉक्टरांना माहीत नसते, फाईल सासरी राहते, आणि ठोके नीट झाले म्हणून कोणीतरी गोळ्या बंद करते. ठोके नीट राहतात ते गोळ्यांमुळेच. त्या प्रसूतीपर्यंत चालू ठेवायच्या असतात, आणि बंद करायच्या तर उपचार करणाऱ्या केंद्राला विचारूनच. पत्नी माहेरी जाणारच असेल तर ईसीजी, औषधांची यादी आणि ती चित्रफीत तिच्यासोबत द्या आणि दर आठवड्याला तपासणी कुठे होणार हे आधी ठरवा. फ्लेकेनाइड प्रत्येक मेडिकलवर मिळत नाही, तेव्हा पंधरा दिवसांचा साठा हाताशी ठेवा. घरी ठोके ऐकण्याचे छोटे यंत्र विकत घेण्याची घाई करू नका. न शिकवता वापरले तर ते आईचीच नाडी ऐकवते आणि खोटा धीर देते.

प्रवासाच्या खर्चाची चिंता असेल, तर सरकारी रुग्णालयांत जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली गरोदर मातेला आणि नवजात बाळाला औषधे, तपासण्या व संदर्भ-वाहतूक मोफत आहे. तालुक्याच्या रुग्णालयातून संदर्भचिठ्ठी घेऊनच निघा. चिठ्ठीवर ‘गर्भाचे हृदय जलद, ठोके 232, अंगात पाणी नाही’ आणि सोनोग्राफीची तारीख व वेळ एवढे तरी लिहून घ्या, म्हणजे तिथे पोहोचल्यावर पाणी नव्याने साचले का हे त्यांना ताडून पाहता येईल.

बाळ जन्मल्यावर त्याचा ईसीजी पहिल्याच दिवशी काढावा लागेल, कारण जादा वाट आता थेट दिसू शकते. सुमारे निम्म्या बाळांना जन्मानंतर हा त्रास पुन्हा होत नाही. बाकीच्यांना काही महिने, बहुधा पहिल्या वाढदिवसापर्यंत, औषध द्यावे लागते. अंगावर पिताना बाळ अचानक थकू लागले, घामाघूम झाले, फिकट पडले किंवा दूध टाकू लागले, तर छातीवर हात ठेवून पाहा. ठोके मोजता येणार नाहीत इतके जलद लागले तर रात्र असली तरी निघा, आणि जिथे न्याल तिथे पहिले वाक्य हेच सांगा की, पोटात असताना याचे ठोके 232 होते.